शिंगांवरचं बेगड

धुक्यात म्हातारा दिसेनासा झाला तेव्हा आम्ही नावेत होतो आणि तो पाण्यात. पंचगंगा गावात शिरली होती. म्हशीचं शेपूट धरून तो घरापासून आमच्या मागं पोहत येत होता, रेडकू तिच्या कडेला. धुक्याचा एक लोट आला आणि सगळी गेली. मी हाक मारली. आधी चारी बाजूंनी उत्तर आल्यासारखं वाटलं, मग कुठूनच आलं नाही.

नावेत बसा म्हणून मी सांगितलं होतं. "जनावर सोडून मी बसू व्हय?" म्हणाला. रेडकू तरी घेऊ म्हटलं, तर नावाडी म्हणाला, "लाथ मारली तर नाव उलटंल, आज्जी."

नातीच्या मांडीवर तिचा डबा होता. ती पुण्यात लेझरच्या चिपवर काम करते. धुक्यात किती लांबचं कळतं हे तपासायला तो डबा घेऊन आली होती. घरात पाणी आलं तेव्हा कपडे टाकून तिनं आधी डबा उचलला, म्हणून मी तिला शिव्या दिल्या होत्या.

मी चौथी शिकलेली. मला कळलं ते असं. डब्यात नखाएवढी चिप असते. तिच्यातल्या बारीक बारीक वाटांनी उजेड बाहेर पडतो. प्रत्येक वाटेला शेजारच्या वाटेपेक्षा किंचित उशीर करायला लावला, की सगळा झोत तिरका वळतो. आत काही फिरत नाही. रोप लावताना बायकांची ओळ अशीच वळते. प्रत्येक बाई शेजारणीच्या जराशी मागं राहिली, की ओळीचं तोंड बांधाकडं होतं, आणि मान कुणीच वळवलेली नसते. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. कशावर तरी आपटून परत आला, की ती वस्तू किती लांब ते कळतं.

नातीनं डबा धुक्याकडं धरला. डब्याच्या पडद्यावर ठिपके उमटले. झाडाचे शेंडे, विजेचा खांब, देवळाचा कळस. गाव पाण्याखाली, आणि काळ्या अंगणात कुणीतरी त्याची रांगोळी काढत बसलेलं. आवाज कसला नाही. मला झोप आल्यासारखं झालं. असंच बघत राहावं वाटलं. मग म्हातारा आठवला.

"दिसला का गं?"

"न्हाय की आज्जी. म्हैस काळी, त्यात भिजलेली. उजेड पिऊन टाकतीया, परतच देईना. आबांचं डोकं लाटांत कळंना." मग तिनं एकदम विचारलं, "शिंगांचं बेगड काढलं का त्यांनी?"

"बेंदूर झाल्यावर बेगड कोण काढतंय? गळंल तवा गळंल."

आमचे बैल विकून झाले होते. बेंदराला सजवायला बैल नाहीत, म्हणून म्हाताऱ्यानं म्हशीच्या शिंगांना सोनेरी बेगड चिकटवलं होतं. "आता औताला जुंपा तिला," म्हणून सगळी गल्ली हसली होती. मीही हसले होते.

पाण्याच्या चमकेनं घोटाळा होऊ नये म्हणून नातीनं डब्याला फार उजळ ठिपके गाळायला सांगून ठेवलं होतं. ते तिनं परत सोडले. पडदा ठिणग्यांनी भरला. ठिणग्या पेटायच्या, विझायच्या. दोन मात्र राहिल्या, शेजारी शेजारी, हळूहळू सरकत.

"ही शिंगंच," नात म्हणाली. "पण लांब चाललीत."

तिनं हात केला तिकडं नावाड्यानं बघितलं. "तिकडं नदीची धार हाय," तो म्हणाला.

"मग बघताय काय पावणं? मारा वल्हं!" मी ओरडले.

नात हातानं दिशा दाखवत होती, तो वल्हं मारत होता. धुक्यातून आधी एक सोनेरी शिंग आलं, अर्धं सोललेलं. मग दुसरं. मग म्हाताऱ्याचं निळं पडलेलं तोंड.

"अवो, हाक मारली तर ओ देता येत न्हाय?"

"तोंडात पाणी हाय," तो म्हणाला. "रेडकू तुमच्याकडं आलं का?"

नातीनं डबा परत धुक्याकडं धरला.

त्या पुरातून म्हातारा वाचला आणि म्हैस वाचली. रेडकू वाचलं नाही.