कंसातला धाड्

समजा, सिनेमातले आवाज लिहायचं काम तुमच्याकडे आलंय. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी पडद्याखाली कंसात लिहायचं: (फोन वाजतो), (कुत्रा भुंकतो). सोपं आहे. आता रहस्यपट संपत आलाय. बंद खोलीत इन्स्पेक्टर आणि संशयित समोरासमोर. पडदा काळा होतो. धाड्! संपला सिनेमा. बंदूक की दार? लिहा बघू. दोनच शब्दांत.

ऑफिसात जिला सगळे कंसताई म्हणायचे, ती या एका धाड्पाशी तीन दिवस अडून बसली होती. दिग्दर्शकांना विचारलं, तर उत्तर आलं, ‘प्रेक्षकांना ठरवू द्या.’

गंमत म्हणजे घरात अशा शेवटांची बाजू तीच हिरिरीने मांडायची. "सगळं उलगडून सांगितलं की सिनेमा तिथंच मरतो," ती म्हणायची.

नवरा लिफ्टदुरुस्तीवाला. तो म्हणायचा, "मी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवतो आणि आतल्यांना सांगतो, आता तुम्हीच ठरवा. चालेल?"

शेवटी तिने (मोठा आवाज) असं लिहिलं आणि रविवारी दुपारी फाइल सासऱ्यांपुढे लावली. काम पाठवण्याआधी ती नेहमी त्यांना दाखवायची. पत्र्याच्या पेट्यांच्या कारखान्यात तीस वर्षं ठोकाठोक करून त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ वाचून ते बोलणं समजून घ्यायचे. आणि सुनेच्या कंसावर त्यांचा डोळे झाकून विश्वास.

"कसला आवाज?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांचं साधं विचारणंही तीन घरांत ऐकू जायचं.

"ते मुद्दामच सांगितलेलं नाही, बाबा."

"तुला ऐकू आलं ना?"

"आलं."

"मग लिहायला काय झालं? सगळे हसतात, मी विचारलं की म्हणतात, काही नाही, नंतर सांगतो. तो नंतर अजून यायचाय. आता तूसुद्धा?"

प्रेक्षकाच्या स्वातंत्र्यावर ती तासभर बोलू शकली असती, पण हा प्रेक्षक रुसून भिंतीकडे बघत होता.

नवरा मध्ये पडला. त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "बंदूक आहे, बाबा."

"बंदूक कसली!" सासूबाई म्हणाल्या. "दार लावून निघून गेला तो."

"आई, तुला सगळ्यांना घरी पोचवायची घाई."

"आणि तुला सगळ्यांना मारायची!"

सासरे एकदा मुलाच्या तोंडाकडे, एकदा बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्हालाही कळलेलं नाही? कान असून?" ते उठले आणि स्पीकरवर तळहात ठेवून म्हणाले, "पुन्हा लाव."

तिने तीनदा लावलं. मग त्यांनी हात काढला.

"पेटी. पत्र्याची, मोठी. झाकण सुटलंय हातातून."

नवरा हसायला लागला. "बाबा, अख्ख्या सिनेमात पेटी नाहीये!"

"सिनेमाचं तू बघ. पत्र्याचं मला सांगू नकोस."

सोमवारी तिने धीर करून सिनेमाच्या ध्वनी-संयोजकाला फोन लावला. पेटीचं नाव काढताच त्याने आवाज एकदम खाली आणला.

"कुणी सांगितलं तुम्हाला? अहो, बंदूक फारच बंदुकीसारखी वाटत होती आणि दार फारच दारासारखं. शेवटी आईची जुनी पेटी आपटली. दिग्दर्शकांना माहीत नाही, कृपा करून बोलू नका."

ती बोलली नाही. (मोठा आवाज) हेच पाठवून दिलं. फक्त सासऱ्यांच्या फाइलपुरता कंस बदलला: (पेटीचं झाकण पडतं). ते खूश झाले. दोन दिवसच. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "झाकण पडलं, ठीक. पण पेटीत होतं काय?"

झालं! नवरा म्हणाला, हरवलेला पुरावा. सासूबाई म्हणाल्या, जुनी पत्रं. सासऱ्यांना दोन्ही पटेना. ते सुनेकडे बघत राहिले. आणि अर्धवट शेवटांची बाजू घेणारी ही बाई दुसऱ्या दिवशी डब्याची सुट्टी सोडून तो सिनेमा पुन्हा बघत बसली. पलंगाखाली, पडद्यामागे, जिथं म्हणून पेटी मावेल तिथं तिने चित्र थांबवून पाहिलं. काही नाही. शेवटी तिने पुन्हा फोन लावला.

"मी बोलतेय, कंसवाली. राग मानू नका, एकच विचारायचं होतं. आपटली तेव्हा तुमच्या आईच्या पेटीत काय होतं हो?"