तिसऱ्या घंटेआधीचा इतिहास

"थांबा. आधी इतिहास, मग घंटा." पितळी घंटा हातात धरून काका रंगमंचावर असं म्हणाले की जाणते प्रेक्षक चहाला उठत.

तुमच्याही वस्तीत असं एखादं सभागृह असेल, आणि ते आपणच उभारलं असं मानणारा एखादा माणूस. आमच्या गारखेड्यात हे काका होते. नाटकाची तिसरी घंटा त्यांच्याकडे होती, आणि सभागृहाचा इतिहास सांगितल्याशिवाय ती ते देत नसत. रंग लावलेले कलाकार पडद्यामागे घामानं निथळत. इतिहासाला घाई नसते.

इतिहास असा: आधी पत्र्याची शेड, मग भिंती, मग खुर्च्या. शेडमधल्या पहिल्या नाटकात काका स्वतः पहारेकऱ्याच्या बिनसंवादी भूमिकेत होते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या नाटकाला दोनशे माणसं होती. पुढं पाचशे झाली, मग हजार. मुक्या पहारेकऱ्यालाही हळूहळू संवाद फुटले. शेड मात्र तेवढीच राहिली.

मला चुकीचा आकडा सहन होत नाही. "काका, त्या शेडमध्ये हजार माणसं मावली कुठं?"

"बाहेर उभी व्हती. तुम्ही नाटक बघायला येता का जनगणनेला?"

मग सभागृह दुरुस्तीसाठी बंद झालं. 'लवकरच उघडणार' असा फलक लागला. तो उन्हानं पांढरा पडला तेव्हा नवा लागला. दुरुस्तीतलं तेवढं काम वेळेवर झालं. काका रोज संध्याकाळी कुलपापर्यंत जाऊन येत. घंटा त्यांनी घरी नेली होती, चिंचेनं घासून ठेवत. "उघडल्यावर पहिल्या नाटकाची घंटा मीच देणार. मग माझं काय मागणं नाय."

दुरुस्ती चिवट निघाली. काका आधी गेले.

यंदा उद्घाटन झालं. पाहुण्यांनी एकमेकांचे सत्कार केले. सभागृह ज्यांनी उभारलं त्यांना सोडून सगळ्यांचे आभार मानले. मग तिसरी घंटा यंत्रानं वाजली, अगदी वेळेवर. चहाला उठायला कुणाला सवडच मिळाली नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "थांबा. आधी इतिहास."

लोक हसले. हसणं मध्येच विरलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत वस्तीत नवीन आलेले एक गृहस्थ होते. कसला इतिहास, असं त्यांनी विचारलं. मी पत्र्याच्या शेडपासून सुरुवात केली. पडदा उघडला तरी थांबलो नाही.

"पहिल्या नाटकाला किती लोक होते?" त्यांनी हळूच विचारलं.

"हजार," मी म्हणालो. "बाहेर उभे होते ते वेगळे."