मुरब्याची बोली आणि कोचीचं विमान

गेल्या महिन्यात आईला विमानाने कोचीला न्यायचं ठरलं, आणि आमच्या बोईसरच्या घरात मी एकदम प्रवासतज्ज्ञ झालो...

आईचा हा पहिलाच विमानप्रवास. त्यात एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा कुरकुरतोय. ट्रेनचा लांबचा प्रवास तिला झेपणार नव्हता, म्हणून विमान.

कोचीला माझी मावशी असते. आईची सख्खी मोठी बहीण. दोघी मुरबे गावच्या, आमच्याकडच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात वाढलेल्या. मावशीचे यजमान बोटीच्या इंजिनांचं काम करायचे, ते काम त्यांना कोचीला घेऊन गेलं आणि संसार तिकडेच रुजला. आई इकडे पालघरला शिकून शिक्षिका झाली. पुढे दोघींच्या भेटी लग्नकार्यापुरत्या उरल्या... मग त्याही थांबल्या.

अलीकडे मावशीचा मुलगा शशी फोनवर काळजीत असायचा. मावशी विसरायला लागली होती. आधी माणसांची नावं गेली, मग मल्याळम गेलं, मग हिंदीही. आता ती काहीतरी बोलते आणि घरात कुणालाच कळत नाही, असं तो म्हणाला. त्याचं सगळं आयुष्य हिंदी-मल्याळममध्ये गेलेलं, मराठी त्याला जेमतेम येतं.

आम्ही व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "ताई, कशी आहेस? ओळखलंस का मला?" मावशी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग अदबीने म्हणाली, "तुमी कोन?"

आईने फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, की मला तिकडे घेऊन चल.

मी तयारीला लागलो. दुपारची फ्लाइट बघितली, म्हणजे तिची झोपमोड नको. पाय मोकळा करता यावा म्हणून कडेची सीट. सैल चपला, सुती साडी, वर एक शाल, कारण आत एसी फार असतो. औषधं हातातल्या पर्समध्ये. कानाला दडे बसू नयेत म्हणून आलेपाकाच्या वड्या. गुडघ्यातल्या धातूमुळे मशीन वाजेल, घाबरू नकोस, हेही समजावलं. व्हीलचेअरला ती आधी नाहीच म्हणाली. ती आजारी माणसांसाठी नाही, लांब चालावं लागू नये म्हणून असते, असं पटवायला मला आठवडा लागला.

हॉलमध्ये खुर्च्या एकामागे एक लावून मी तिला बसायची प्रॅक्टिससुद्धा दिली. ती निमूटपणे बसली. तिचं लक्ष मात्र माझ्याकडे नव्हतंच...

कारण तिचं वेगळंच काहीतरी सुरू होतं. एक दिवसाआड दुपारी रिक्षा करून ती मुरब्याला जायची. गुडघ्याला आराम दे म्हणून मी वैतागायचो. मला वाटलं, बहिणीसाठी सुके बोंबील जमवत असेल.

एका रविवारी मीच तिला आणायला गेलो. मासळी वाळत घातलेल्या मोकळ्या जागेपाशी, एका घराच्या पडवीत चार-पाच म्हाताऱ्या जवळा निवडत बसल्या होत्या. त्यांच्यात आई. आणि ती बोलत होती... हाय, नाय, आमी, तुमी. मधेच अडखळायची. मग त्यातली एक हसून तिला शब्द सुधारून द्यायची.

जन्मभर मुलांच्या तोंडची हीच बोली पुसून 'शुद्ध बोला' म्हणणारी माझी आई...

गाडीत बसल्यावर तीच म्हणाली, "ताईजवळ आता तेवढीच भाषा उरली आहे. माझ्या तोंडात शाळेची बसली रे. तिथे गेल्यावर नाहीच आली तर?"

तेव्हा मला कळलं, तिला विमानाची भीती कधी नव्हतीच.

प्रवास खरंच सुखाचा झाला. व्हीलचेअर वेळेवर आली, मशीन वाजलं, आई हसली. विमान वर जाताना तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. एअर होस्टेसला वाटलं, आजी देवाचं नाव घेतायत. मी तसंच वाटू दिलं.

शशीच्या घरी मावशी खिडकीशी बसली होती. केवढीशी झाली होती... आई समोर जाऊन बसली. मावशीने विचारलं, "कोनाची गो तू?"

"मुरब्याची हाय मी."

मावशीचा चेहरा असा उजळला की शशी दारातच थांबला. "मुरब्याची? मंग माज्या बारकीला वळखत असशील."

बारकी म्हणजे आई. आईने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "वळखते ना."

"तिला सांग, ताई वाट बगते म्हनून. किती दिस झाले, आली नाय."

"सांगते," आई म्हणाली. "आज गेल्याबरोबर सांगते."

मग दोघी बोलत राहिल्या, अंधार पडेपर्यंत. होडीबद्दल, आजोबांच्या रागाबद्दल, कुठल्याशा हरवलेल्या बांगडीबद्दल. शशी म्हणाला, मावशीला इतकं हसताना त्याने वर्षभरात बघितलं नव्हतं. आम्ही होतो तेवढे दिवस हेच चाललं. मावशीने आईचा हात सोडला नाही, आणि आईला ओळखलंही नाही.

परतीच्या विमानात मी हळूच विचारलं, वाईट वाटलं का गं?

ती मग म्हणाली, "बारकीला निरोप दिलाय तिने. त्याचं उत्तर द्यायला परत जायला हवं ना."

दिवाळीनंतरची तिकिटं काढली आहेत. मुरब्याच्या त्या पडवीतल्या आज्यांचे आभार कसे मानावेत, हे मात्र मला अजून सुचलेलं नाही... त्यांच्यामुळे माझी आई तिच्या बहिणीपर्यंत पोहोचली. विमानाने आम्हाला फक्त कोचीला नेलं.