इंजिनातल्या अक्षता

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. जी सांगत आलो ती दुसरीच होती, आणि तिच्यात मी शूर होतो.

आता वयाची ऐंशी ओलांडली. दात गेले, दादा गेला, ती गाडीही भंगारात गेली. शूर दिसायची हौस तेवढी बरीच वर्षं टिकली होती, पण परवा आरशात पाहिलं आणि तीही गेली. तेव्हा आता खरं सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, याचं कळवणला कापडाचं दुकान होतं. त्याने चारचाकीसाठी नंबर लावला आणि चार वर्षांनी, म्हणजे नंबर लावल्याचं सगळे विसरल्यावर, नंबर लागला. गाडी नाशिकच्या शोरूममधून उचलायची होती. मी नाशिकला गंगापूर रोडवर राहायचो, बँकेत कारकून होतो. दादाने निरोप धाडला, "सुध्या, तुला मशिनरीतलं कळतं. गाडी तूच ताब्यात घे आणि इकडे घेऊन ये."

मला मशिनरीतलं कळतं हा शोध दादाने एकदाच लावला होता. त्याच्या दुकानातला बंद पडलेला टेबलफॅन मी चालू करून दिला होता. (प्लग निघालेला होता. तो मी लावला. पण लावण्याआधी अर्धा तास पंखा उघडून बसलो होतो, त्यामुळे छाप पडली!)

शोरूममध्ये गाडी ताब्यात दिली ती पगारे नावाच्या मेकॅनिकने. तिशी-पस्तिशीचा, शांत, नखांच्या कडांना तेल. वर्कशॉपमध्ये दहा वर्षं काढलेली आणि येत्या दिवाळीपर्यंत फोरमन होणार असं सगळे म्हणत होते. त्याने बॉनेट उघडलं आणि एकेक गोष्ट बोट ठेवून दाखवली.

"साहेब, हा रेडिएटर. पाणी इथं. आणि हे काळं झाकण इंजिन ऑइलचं. याच्यात पाण्याचा थेंबसुद्धा जाता कामा नये. लक्षात राहील ना?"

"अहो, म्हणजे काय!" मी म्हणालो.

मी त्या वेळी फोटोग्राफरकडे बघत होतो. हार हातात धरावा की गळ्यात घालावा आणि कोणाच्या, माझ्या की गाडीच्या, याचा निर्णय होत नव्हता.

तिथून थेट पंचवटीत, रामकुंडावर. नवी गाडी नाशकात घ्यायची आणि गंगेवर न्यायची नाही, असं कसं चालेल? (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. काशीवाल्यांनी राग मानू नये.) गुरुजींनी गाडीला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. मग तांब्यात गंगेचं पाणी, त्यात अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, आणि गुरुजी म्हणाले, "आता यंत्राच्या मुखी तीर्थ सोडा."

इथे मी अडलो. यंत्राचं मुख कुठलं? पण आजूबाजूला पाच-पन्नास माणसं जमलेली, शेजारी बायको. मशिनरीतलं कळणाऱ्या माणसाने गुरुजींना विचारायचं? मी बॉनेट उघडलं आणि नजरेला पडलेलं पहिलं झाकण रुबाबात फिरवलं. ते काळं होतं.

"अहो," नलिनी, माझी बायको, हळूच म्हणाली, "नक्की हेच ना?"

"तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

गुरुजी म्हणाले होते, पळीभर. मी तांब्या रिकामा केला. दादाच्या गाडीला पुण्य कमी पडायला नको!

दोन दिवस गाडी नाशकातल्या नातेवाइकांना दाखवत फिरलो. तिसऱ्या दिवशी कळवणला निघालो. दादा मुद्दाम एस्टीने नाशकात आला होता, आपल्या गाडीतून आपल्या गावात शिरायला. मांडीवर पेढ्यांचे चार पुडे. वणीच्या पुढच्या चढावर गाडीतून आधी कुरकुर ऐकू आली, मग ठकठक, मग कोणीतरी आतून दार वाजवतंय असा आवाज.

"सुध्या, हे काय?"

"नवी आहे. मोकळी होतेय."

त्यानंतर ती इतकी मोकळी झाली की जागच्या जागी थांबली. मी बॉनेट उघडून गंभीरपणे आत बघत राहिलो. बैलगाडीवाला एक म्हातारा थांबला. त्याने गाडीवरचा हार पाहिला, कुंकू पाहिलं, धूर पाहिला.

"नवी शे ना भाऊ? मंग काब्र बंद पडनी?"

नवी गाडी का बंद पडली, याचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं. आमच्यापाशी पेढे होते, ते दिले. गाडी ट्रॅक्टरला बांधून माघारी नाशकात आली आणि दादा पुन्हा एस्टीने कळवणला गेला. गावाने कमान उभारली नव्हती एवढंच, पण निम्मा बाजार स्टँडवर उभा होता. दादा खाली उतरला आणि कोणाकडे न बघता घरी चालत गेला. हे मला वहिनींनी नंतर सांगितलं.

पुढे सुरू झाली वॉरंटीची लढाई. शोरूमचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणायचे, पहिल्या दिवशी जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी मुंबईला गेले होते. तिसऱ्या दिवशी जागेवर सापडले, पण वॉरंटीचं पुस्तक कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली मुंबईला गेली होती! चौथ्या दिवशी म्हणाले, "वॉरंटी आहेच हो. पण इंजिनाच्या आत काय झालंय ते बघितल्याशिवाय कसं बोलणार?"

"मग बघा!"

"आमचे पगारे उघडतील. ते म्हणतील ते खरं. त्यांचा शब्द म्हणजे कंपनीचा शब्द."

दोन दिवसांनी पगारेने मला वर्कशॉपच्या मागच्या बाजूला बोलावलं. बाकावर एक पत्र्याचा ट्रे होता. आधी त्याने तेल दाखवलं. दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसत होतं. मग इंजिनाच्या तळातली, तेल गाळणारी जाळी दाखवली. जाळीला चिकटून तांदूळ होते, कुंकवाने लाल झालेले. आणि झेंडूच्या पाकळ्या. सात. (मी मोजल्या. माणसाला घाम फुटला की तो काहीतरी मोजत बसतो.)

"साहेब," पगारे हळू आवाजात म्हणाला, "जाळी तुंबली, तेल वर चढेना, बेअरिंग जळाली. मी अजून शेठना दाखवलेलं नाही. तुम्ही फक्त मला खरं सांगा. चुकून झालं असेल तर मी शेठशी बोलतो, काहीतरी मार्ग काढू. निम्माशिम्मा खर्च तरी उचलतील."

किती साधं होतं! 'हो, माझ्या हातून झालं,' एवढं म्हणायचं होतं. तेवढ्यात दाराशी दादाचा आवाज आला. तो कळवणहून सकाळच्या गाडीने आला होता. ट्रेमध्ये वाकून त्याने विचारलं, "हे काय? तांदूळ? इंजिनात तांदूळ कोणी टाकले रे सुध्या?"

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. टेबलफॅनच्या दिवशीचाच विश्वास होता. तो राग असता तर बरं झालं असतं.

"यांनीच," मी म्हणालो. "गाडी देताना यांच्या माणसांनी पूजा केली. मी म्हणतच होतो, जरा जपून."

पुढचं सगळं शेठच्या केबिनमध्ये झालं. शोरूममध्ये गाडी देताना नारळ फोडायची पद्धत होतीच, त्यामुळे माझं खोटं बघता बघता खऱ्यासारखं उभं राहिलं. मी कंपनीला पत्र लिहीन म्हणालो, वर्तमानपत्रात छापीन म्हणालो. (वर्तमानपत्रात माझं नाव तोवर एकदाच आलं होतं, तेही शब्दकोड्याच्या बक्षिसात, चुकीचं छापून.) शेठनी विचारलं, "पण बॉनेट उघडून पाणी ओतलं कोणी? नाव सांगा."

बॉनेट उघडून माझ्यासमोर उभा राहिलेला माणूस एकच होता. मी त्याच्याकडे बोट केलं.

पगारे हसला. खरोखर हसला, गंमत वाटल्यासारखा.

"शेठ, मी बौद्ध माणूस. आमच्या घरात नारळ फक्त चटणीला फुटतो. मी कशाला इंजिनला तीर्थ पाजू?"

त्याच्या बाजूने याहून भक्कम पुरावा असूच शकत नव्हता. दादासुद्धा माझ्याकडे बघायला लागला. आणि मी, बँकेतला इमानदार कारकून, म्हणालो, "गिऱ्हाइकाला खूश करायला माणसं काय वाटेल ते करतात."

पगारेचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला पगारे निघून गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या महिन्यात किती रविवार होते ते मी आजही सांगू शकतो.

शेठना पत्राची भीती होती आणि भांडणाचा कंटाळा होता. "आमच्या माणसाची चूक असेल तर इंजिन आम्ही करून देऊ," ते म्हणाले. इंजिन बांधून दिलं पगारेनेच. चार दिवस लावले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी गाडी चालू करून दाखवली, हात पुसले, आणि शेठनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मी घरी आलो. नलिनी भाजी निवडत होती.

"मिळालं इंजिन?"

"मिळालं! लढून घेतलं!"

"कोणाशी?" तिने मान वर न करता विचारलं. त्यानंतर त्या विषयावर ती आयुष्यभर एक शब्द बोलली नाही. पण घरातला पंखा बिघडला की ती मला न सांगता मिस्त्री बोलवायची.

इकडे कळवणात मी थोर झालो. "माझ्या भावाने कंपनी वाकवली!" दादा लग्नाच्या पंगतीत सांगायचा. झालं! लोक मिक्सर घेऊन यायला लागले. पाण्याचे पंप आले. एक जण कवळी घेऊन आला, सहा महिन्यांत सैल झाली म्हणून! सगळ्यांना माझ्याकडून वॉरंटी मिळवून हवी होती, आणि मी एकाही दुकानात पाऊल टाकलं नाही. 'तत्त्वात बसत नाही,' म्हणायचो. त्यामुळे तर इज्जत आणखी वाढली.

वर्ष-दीड वर्षाने दादाला दुकानातच छातीत दुखायला लागलं. पुतण्याने त्याला गाडीत घातलं आणि नाशिकपर्यंत कुठे न थांबता आणलं. त्याच वणीच्या चढावरून. इंजिनने हूं की चूं केलं नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. शुद्धीवर आल्यावर दादाने माझा हात धरला. "सुध्या, तू त्या दिवशी भांडला नसतास तर आज मी नसतो रे." मी बाहेर गेलो आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिलो. तिथेही पायऱ्या मोजल्या.

पगारे कुठे आहे ते मी शोधून काढलं. पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, त्याने दुचाकी दुरुस्तीची टपरी टाकली होती. रामकुंडापासून चालत पाच मिनिटं. तिथे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी माझी स्कूटर नेली.

"या साहेब," तो म्हणाला. ओळखलं होतं. "काय होतंय?"

वाक्य घरून पाठ करून आणलं होतं. 'पगारे, ते पाणी मी ओतलं होतं.' सहा शब्द. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "ब्रेक जरा बघता का?"

त्याने ब्रेक बघितला. ब्रेक उत्तम होता. पुढच्या महिन्यात मी ॲक्सिलरेटरची वायर दाखवली. मग हॉर्न. मग आरसा. वर्षभरात त्या स्कूटरमध्ये मूळचं असं फारसं काही उरलं नाही! नलिनी म्हणाली, "अहो, ही स्कूटर विकून टाका, फारच बिघडते." मी विकली आणि मोपेड घेतली. आणि मोपेड घेऊन पुन्हा पगारेपुढे उभा.

त्या दिवशी ठरवून गेलो होतो. टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं. तो डब्यातली पोळी खात होता. मला बघून त्याने डबा बाजूला ठेवला.

"पगारे..."

"बोला साहेब."

"ते... पाणी..."

त्याने माठातलं पाणी काढून मला दिलं. मी प्यायलो. घसा ओला झाला, आता सबब राहिली नव्हती. तो वाट बघत होता. मला वाटतं, तो फार दिवसांपासून वाट बघत होता. प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक वायरला.

"क्लच," मी म्हणालो. "क्लच जरा घट्ट वाटतोय."

पगारेने मोपेडकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"साहेब, हिच्यात क्लच हाताने दाबायचा नसतोच. बघा ना, दांडीच नाही."

"असं होय," मी म्हणालो.

तरी तो खाली बसला. पाना घेऊन उगाच एक नट सैल केला, परत आवळला, फडक्याने हात पुसले. "झालं," तो म्हणाला. "आता नाही त्रास देणार." आणि अर्धी राहिलेली पोळी पुन्हा हातात घेतली.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्या जागी नारळाचं दुकान होतं. "पगारे मिस्त्री? ते तर गेले सोडून," नारळवाला म्हणाला. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. "नारळ देऊ का?"

मी घेतला. घरी आणला आणि नलिनीला म्हटलं, चटणी कर. तिने कारण विचारलं नाही. मोपेड मात्र त्यानंतर बारा वर्षं वापरली, आणि पगारेने शब्द दिला होता तसा, तिच्या क्लचने मला एकदाही त्रास दिला नाही. त्रास त्या सहा शब्दांचा आहे. ते अजूनही तोंडापर्यंत येतात, आणि मी समोरच्याला ब्रेक बघायला सांगतो.