भागीबाईच्या रक्तातलं आयुष्य

पेठकडच्या त्या पाड्यावर भागीबाईच्या वयाचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. नव्वदी कधीच ओलांडलेली, तरी नाचणीची भाकरी स्वतः थापायची, सरपणालाही जायची. लोकांना कौतुक वाटायचं. तिला मात्र भीती वाटायची.

कारण तिचे तिन्ही लेक तिच्याआधी गेले होते. धाकटा नाथा द्राक्षबागेत मजुरीला गेला, तो तापाने फणफणतच परतला. त्याच्या उशाशी बसून ती सारखी म्हणत होती, "माझं आयुष्य तुला लागू दे." तो गेला, आणि त्याची बायको गोजरा सगळ्यांदेखत किंचाळली, "म्हातारीनं लेकांचं आयुष्य खाल्लं!" गोजराने पुढे तो शब्द कधी काढला नाही, सासूला प्रेमानेच सांभाळलं. पण म्हातारीच्या काळजात तो रुतला तो रुतलाच.

त्यात नाशिकहून संशोधन करणाऱ्या तृप्तीताई आल्या. काहींना म्हातारपण उशिरा का गाठतं, हे त्या रक्तात शोधत होत्या. नाही म्हटलं तर लोकांना संशय येईल, म्हणून भागीबाईने मुकाट्याने हात पुढे केला. नाथाची लेक निकिता हिनेही हौसेने रक्त दिलं. तेव्हापासून रस्त्यावर गाडी वाजली की भागीबाई दाराआड व्हायची. आता सगळं उघडं पडणार, गोजराचं म्हणणं साऱ्या पाड्यापुढे खरं ठरणार!

एके सकाळी गाडी आलीच. गोजरा चहा ठेवायला आत गेली. निकिता तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती.

"आजी, सापडलं बरं का," ताई म्हणाल्या.

भागीबाईने विचारलं, "कुनाचं खाल्लं म्या?"

"खाल्लं? अहो, कुणाचंच नाही. हे जास्त जगायचं देणं आईबापाकडून येतं. जन्मापासून तुमच्या अंगात आहे."

म्हातारीला रडूच फुटलं. छातीवरचा धोंडा उतरला.

"आणि निकितातही तेच आहे," ताई खुशीत सांगत होत्या. "खात्री देता येत नाही, पण हीसुद्धा तुमच्यासारखी खूप जगू शकेल."

निकिता हसली. भागीबाईचे डोळे तिच्या मांडीवर झोपलेल्या पोरीवर गेले आणि तिथेच थिजले.

"अन् हिच्यात हाय का ते?"

"बाळाचं रक्त नाही तपासलं, आजी."

भागीबाईने ताईंचं मनगट घट्ट धरलं. "मंग निकितामधलं काढून टाका, ताई. लेकरू जाऊन आपन मागं उरनं हिच्या नशिबी नको. आत्ताच काढा."