पॉम्पेईचे पाव

पाट्यावर लसूण-खोबऱ्याची चटणी वाटली, की ओल्या दगडाचा वास येतो आणि मी मदिनत खलिफातल्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन बसते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी दहा वर्षांची. बाहेर उन्हानं पांढरं पडलेलं दोहा, आत एसीची घरघर आणि आईच्या वरवंट्याची संथ लय. मी शाळेच्या पुस्तकात व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा धडा वाचत होते. बाबा म्हणाले, "सह्याद्री म्हणजे थरावर थर लाव्हाच. आपला पाटाही तिथलाच." मी पाट्यावर हळूच तळवा टेकवला. आत खोल कुठेतरी अजून ऊब असावी, असं वाटलं.

पुढच्या पानावर राखेत गाडलेल्या पॉम्पेईतली बेकरी होती. लाव्हाच्याच दगडाची जाती आणि भट्टीत तसेच राहिलेले काळे पाव.

आईचा वरवंटा थांबला. "काढायला कुणी आलंच नाही?"

"आई, दे ऑल रॅन अवे."

"निघताना वाटतं गं, संध्याकाळपर्यंत परत येऊ," ती म्हणाली आणि त्या पावांवरून बोट फिरवत राहिली. पानाला लसणाचा वास लागला.

तिला ज्वालामुखी आवडला, असं मला तेव्हा वाटलं. लढाई सुरू झाली तेव्हा तान्ह्या मला कडेवर घेऊन तिनं कुवेत सोडलं होतं आणि ओट्यावर मळलेली कणिक झाकून ठेवली होती, हे फार उशिरा कळलं.

आमच्या घरात अजूनही कणिक आधी मळून ठेवत नाहीत.