साक्षीतून वगळलेल्या गोळ्या

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. मी ख्रिस्ती, म्हणून तिथले सहकारी डिवचायचे, "साहेब, तुमच्या येशूने लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, तो फॉर्म्युला आम्हालाही द्या की." मी म्हणायचो, "आधी लग्नाला तर बोलवा." सकाळी प्रार्थना करून कामाला बसायचो आणि आकडा संशयास्पद वाटला की चाचणी पुन्हा करायचो. यात मला कधी विसंगती दिसली नाही. ज्याने सृष्टीला नियम लावले, त्याला नियम तपासणाऱ्याचा राग का यावा?

खोटेपणा मी केला तो चर्चमध्ये.

बायकोला क्षय झाला. चर्चच्या मंडळीने प्रार्थना केली, सरकारी दवाखान्याने गोळ्या दिल्या, ती बरी झाली. आमच्या सीवूड्सच्या मंडळीत बरं झालेल्याच्या घरच्यांनी रविवारी उभं राहून साक्ष द्यायची पद्धत आहे. त्यात डॉक्टरचं नाव कुणी घेत नाही. देवाचं श्रेय कमी होईल म्हणे. मीही उभा राहिलो. "प्रभूने बरं केलं," एवढंच बोललो. रोज गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन तिच्यापुढे मीच उभा राहायचो, ते सांगितलं नाही.

मंडळीतल्या एका विधवा बाईंनाही हाच आजार होता. माझी साक्ष ऐकून त्यांनी औषध सोडलं. मला कळलं तेव्हा त्या रुग्णालयात होत्या आणि आजार साध्या गोळ्यांना दाद देत नव्हता. मी जाऊन सगळं खरं सांगितलं. मास्कआडून त्या म्हणाल्या, "मग भाऊ, तेव्हाच बोलायचं ना."

तिथून थेट पाळकांकडे, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे गेलो. म्हटलं, मला पुन्हा साक्ष द्यायची आहे.

"काका, लोकांचा विश्वास डळमळेल."

"गोळीने डळमळतो तो कसला विश्वास?"

"तुमची प्रयोगशाळा इथे आणू नका."

मला अजून चीड येते. कारखान्यात कुणी नकोसा आकडा गाळला असता, तर मी त्याला घरी पाठवलं असतं. इथे तेच केलं तर लोक आमेन म्हणतात. आणि ज्याने ती गोळी शोधली, त्याला बुद्धी दिली कोणी?

पुढच्या रविवारी मी न विचारता उभा राहिलो. गोळ्यांचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. बाईंचा विषय निघाला तसं पाळकांनी मध्येच गीत सुरू केलं. सगळे गायले. मीही गायलो, विश्वास माझाही आहे. गीत संपलं, लोक बसले. मी उभाच राहिलो आणि उरलेलं बोललो.